न दिसणारा गोलंदाज : ऑनलाइन युद्धखेळांतील अप्रत्यक्ष तोफमाऱ्याची चिकित्सा

सारांश

ऑनलाइन युद्धखेळांमध्ये अप्रत्यक्ष माऱ्याच्या तोफखान्याचा समावेश करताना खेळकर्त्यांनी जे मार्ग स्वीकारले, त्यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. 'पब्जी', 'वर्ल्ड ऑफ टँक्स', 'अर्मा ३', 'हेल लेट लूज' आणि 'फॉक्सहोल' या पाच खेळांचा विचार येथे केला असून निरीक्षक, काळ, गणित, पुरवठा आणि माऱ्याखालची भूमी हे पाच निकष वापरले आहेत. भंडारा जिल्ह्यात दारूगोळ्याची निर्मिती प्रत्यक्ष होत असल्याने या प्रश्नाला येथील वाचकाच्या दृष्टीने वेगळा अर्थ आहे, हेही दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : अप्रत्यक्ष मारा, तोफखाना, युद्धखेळ, निरीक्षक, दारूगोळा निर्मिती.

१. प्रस्तावना

मराठीत 'गोलंदाज' हा शब्द आज उच्चारला की डोळ्यांसमोर क्रिकेटचे मैदान उभे राहते. तथापि या शब्दाचा मूळ अर्थ तोफ डागणारा असा आहे. हा अर्थ जुन्या कागदपत्रांत आणि बखरींत जागोजागी आढळतो. क्रिकेटचा गोलंदाज आणि तोफखान्याचा गोलंदाज यांत एक मूलभूत भेद आहे. पहिल्याला समोरचा फलंदाज दिसतो आणि फलंदाजालाही गोलंदाज दिसतो. आधुनिक तोफखान्यातील गोलंदाजाला मात्र ज्याच्यावर गोळा पडणार आहे तो दिसत नाही, आणि ज्याच्यावर गोळा पडतो त्यालाही तो कोणी टाकला हे कळत नाही. दोघांच्या मध्ये टेकडी असते, जंगल असते, कित्येक किलोमीटरचे अंतर असते. या माऱ्याला 'अप्रत्यक्ष मारा' असे म्हटले जाते.

गेल्या दोन दशकांत संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर खेळले जाणारे युद्धखेळ खेड्यापाड्यांतील तरुणांपर्यंत पोहोचले आहेत. या खेळांची समीक्षा मराठीत फारशी झालेली नाही. जी चर्चा होते ती बहुधा व्यसन, वेळेचा अपव्यय आणि हिंसा या तीन मुद्द्यांभोवती फिरते. हे मुद्दे महत्त्वाचे असले तरी त्यांत खेळ ही एक रचना आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि त्या व्याकरणातून ती युद्धाविषयी काहीएक विधान करत असते, ही बाब सुटून जाते. नाटकाची वा कादंबरीची चिकित्सा जशी होते तशी खेळाचीही व्हावयास हवी, या भूमिकेतून प्रस्तुत लेख लिहिला आहे. त्यासाठी एकच प्रश्न निवडला आहे : समोरासमोरच्या लढाईवर उभ्या असलेल्या खेळात न दिसणारी तोफ आणली की त्या खेळाचे काय होते?

२. अप्रत्यक्ष माऱ्याचे स्वरूप

खेळांकडे वळण्यापूर्वी मूळ गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. डोळ्याला दिसणाऱ्या लक्ष्यावर थेट नेम धरून केलेला मारा हा प्रत्यक्ष मारा होय. लक्ष्य नजरेआड असताना कोन आणि दिशा यांच्या हिशोबाने केलेला मारा हा अप्रत्यक्ष मारा होय. तटाच्या आड असलेल्यांवर उंच कमानीने गोळा टाकण्याची कल्पना जुनी आहे. आखूड, रुंद तोंडाच्या अशा तोफेला मराठीत 'उखळी तोफ' हे नेमके नाव मिळाले, कारण ती उखळासारखी दिसते. 'गरनाळ' आणि फुटणाऱ्या गोळ्यासाठी 'कुलपी गोळा' हे शब्दही आपल्याकडे रूढ होते.

महाराष्ट्राच्या इतिहासात या माऱ्याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण रायगडाचे आहे. एप्रिल-मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने गडाला वेढा घातला. ज्या गडावर सरळ चढाई दुष्कर होती, त्यावर समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गोळे टाकण्यात आले. गडावर आग लागली, वाडे जळाले आणि १० मे १८१८ रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होत्या. हातघाईची लढाई न होता राजधानीचा गड पडला. शौर्याची आपली कल्पना तलवार आणि तटावरची झुंज यांच्याशी जोडलेली आहे. तिला या घटनेत जागाच सापडत नाही.

आधुनिक अर्थाने अप्रत्यक्ष मारा शास्त्रशुद्ध झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. रशियन अधिकारी कार्ल गुक यांनी १८८२ मध्ये या विषयावर लेखन केले. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात त्याचा प्रभावी वापर झाला आणि पहिल्या महायुद्धात तोफखाना हे सर्वाधिक जीवितहानी करणारे शस्त्र ठरले. या पद्धतीत तीन घटक एकत्र काम करतात. पुढे, लक्ष्य दिसेल अशा ठिकाणी निरीक्षक असतो. मागे, तोफांजवळ हिशोब करणारे असतात. आणि तोफेवर प्रत्यक्ष काम करणारी तुकडी असते. निरीक्षक लक्ष्याचे ठिकाण कळवतो, हिशोब करणारे दिशा, उंचीचा कोन व दारूचे प्रमाण ठरवतात, तुकडी गोळा डागते. पहिला गोळा सहसा नेमका पडत नाही. निरीक्षक 'उजवीकडे इतका', 'पुढे इतका' अशी दुरुस्ती सांगतो आणि हळूहळू मारा लक्ष्यावर येतो.

दिशा मोजण्यासाठी वर्तुळाचे ६४०० भाग करतात. त्यातील एका भागाला 'मिल' म्हणतात. एक मिल म्हणजे एक किलोमीटर अंतरावर साधारण एक मीटर. यावरून वीस किलोमीटरवर एका मिलची चूक म्हणजे सुमारे वीस मीटरची चूक, हे लक्षात येईल. त्यात वारा, हवेची घनता, दारूचे तापमान आणि नळीची झीज यांचा परिणाम मिसळतो. म्हणून एकाच तोफेचे, एकाच नेमाचे गोळेही एका जागी पडत नाहीत, ते विखुरतात. इतक्या अंतरावर गोळ्याला पोहोचायला एक मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. एवढ्या वेळात लक्ष्य तेथून निघून जाऊ शकते, किंवा तेथे दुसरेच कोणी येऊ शकते.

हे अंतर आपल्या परिसरात मांडून पाहिल्यास कल्पना अधिक स्पष्ट होईल. अड्याळ हे भंडारा-पवनी मार्गावरील गाव आहे. १५५ मिलीमीटर बोफोर्स तोफेचा पल्ला दारूगोळ्याच्या प्रकारानुसार सुमारे २४ ते ३० किलोमीटर असतो. अशी तोफ अड्याळला उभी केली असे मानले, तर तिचा गोळा एका बाजूस भंडारा शहराच्या परिसरात आणि दुसऱ्या बाजूस पवनीच्या जुन्या तटाजवळ पडू शकेल. तोफेवरील माणसाला यांपैकी काहीही दिसणार नाही.

३. खेळाच्या व्याकरणाशी विरोध

बहुतेक युद्धखेळ एका अलिखित करारावर उभे असतात. खेळाडू जे पाहतो त्यावर तो नेम धरतो. आणि तो मारला गेला तर कोठून मारला गेला, हे त्याला निदान नंतर तरी समजते. 'मी चुकलो म्हणून हरलो' ही भावना खेळाडूला पुन्हा खेळावयास प्रवृत्त करते. अप्रत्यक्ष मारा हा करार मोडतो. खेळाडू योग्य आडोशाला आहे, सावध आहे, त्याचे काहीही चुकलेले नाही, आणि तरीही तो मरतो. प्रत्यक्ष रणांगणावरचे सत्य नेमके हेच आहे. परंतु खेळात या सत्याला अन्याय म्हटले जाते.

दुसरी अडचण जागेची आहे. खऱ्या तोफेचा पल्ला किलोमीटरच्या दशकांत मोजतात, तर खेळाची रणभूमी अनेकदा दोन-चार किलोमीटरची असते. पूर्ण पल्ल्याची तोफ आणली तर ती नकाशाच्या कोणत्याही टोकावरून कोठेही पोहोचेल. तिसरी अडचण अशी की, खेळात मेलेला खेळाडू ठरावीक जागी पुन्हा जन्मतो. ती जागा शत्रूला ठाऊक असली की तोफा तिच्यावर लावून ठेवल्या जातात आणि जन्मताक्षणी मरण्याचे चक्र सुरू होते. या तीन कारणांमुळे तोफखाना समाविष्ट करण्याची मागणी होताच खेळाडूंमध्ये दोन तट पडतात. एक वास्तवाचा आग्रह धरतो, दुसरा न्याय्यतेचा. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. प्रश्न आहे तो खेळकर्त्यांनी या पेचातून कसा मार्ग काढला, हा.

४. पाच खेळ, पाच मार्ग

४.१ निसर्गकोप झालेला तोफखाना : 'पब्जी'

भारतात सर्वाधिक परिचित उदाहरण 'पब्जी'चे आहे. या खेळाच्या भ्रमणध्वनी आवृत्तीवर भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने नव्या रूपात आला. यात नकाशावर अधूनमधून एक लाल वर्तुळ उमटते आणि त्या वर्तुळात काही काळ इतस्ततः स्फोट होत राहतात. खेळाडू वर्तुळाबाहेर पळतो किंवा घरात शिरतो.

हा मारा कोण करतो? कोणीही नाही. त्याला तोफ नाही, तोफची नाही, निरीक्षक नाही, हेतूही नाही. न्याय्यतेचा प्रश्न खेळकर्त्यांनी येथे एका फटक्यात सोडवला आहे : दोष द्यायला माणूसच उरू दिलेला नाही. मारा कोणाच्याही बाजूने नाही, म्हणून तो अन्याय्य नाही. परंतु या सोयीची किंमत मोठी आहे. आभाळातून पडणारे गोळे वादळवाऱ्यासारखे किंवा गारपिटीसारखे वाटू लागतात. युद्धातील सर्वांत मोठी मानवी कृती निसर्गाच्या खात्यावर टाकली जाते. गारपिटीचा पंचनामा होतो, तिला जबाबदार कोणी नसतो. गोळ्याला मात्र नेहमीच कोणीतरी जबाबदार असतो. लक्षावधी मुलांना तोफखान्याची पहिली ओळख या लाल वर्तुळातून झाली, ही गोष्ट समीक्षकाने नोंदवून ठेवली पाहिजे.

४.२ आकाशातील डोळा : 'वर्ल्ड ऑफ टँक्स'

२०१० मध्ये सुरू झालेल्या या रणगाड्यांच्या खेळात स्वयंचलित तोफगाड्यांचा स्वतंत्र वर्ग आहे. तोफगाडा चालवणाऱ्यास रणभूमी वरून, घारीच्या नजरेने दिसते. सहकाऱ्यांना दिसलेले शत्रूचे रणगाडे त्याच्याही पडद्यावर आपोआप उमटतात आणि तो त्यांवर गोळे टाकतो. निरीक्षक येथे तत्त्वतः आहे, पण तो मूक आहे. आपण कोणाचे तरी डोळे झालो आहोत, हे त्याला कळतही नाही.

वरून पाहण्याची ही सोय म्हणजे अप्रत्यक्ष माऱ्याचे प्रत्यक्ष माऱ्यात केलेले रूपांतर होय. न दिसणे हा ज्याचा गाभा, त्यालाच सर्वांत जास्त दिसते. परिणामी मारला जाणारा खेळाडू चिडतो, कारण ज्याला तो पाहू शकत नाही तो त्याला सुखाने न्याहाळत असतो. वर्षानुवर्षांच्या नाराजीनंतर २०१७ मध्ये ९.१८ या सुधारणेत मोठा बदल झाला. प्रत्येक बाजूस तोफगाड्यांची संख्या तीनपर्यंत मर्यादित झाली, कवचभेदी गोळे काढून टाकले, हानी कमी केली आणि त्याऐवजी गोळ्याने समोरच्या रणगाड्यातील दल काही काळ सुन्न होते अशी तरतूद केली. तोफखान्याचे काम मारण्याइतकेच शत्रूला दबवून ठेवण्याचे असते. त्या दृष्टीने हा बदल वास्तवाला जवळचा होता, असे म्हणता येईल. मात्र मूळ दोष, म्हणजे आकाशातील डोळा, तसाच राहिला. मात्रा बदलली, निदान बदलले नाही.

४.३ नकाशावरील टिचकी : 'अर्मा ३'

चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या संस्थेचा २०१३ मधील हा खेळ वास्तवाच्या आग्रहासाठी प्रसिद्ध आहे. याच्या पूर्वसुरींच्या तंत्रावर आधारलेली प्रशिक्षण-प्रणाली अनेक देशांच्या सैन्यांनी वापरली आहे. त्यात विस्तीर्ण रणभूमी आहे आणि खऱ्या अर्थाने दूरवर मारा करणाऱ्या तोफा आहेत. परंतु मूळ खेळात तोफेबरोबर एक 'तोफखाना संगणक' मिळतो. नकाशा उघडावा, लक्ष्यावर टिचकी मारावी, गोळ्यांची संख्या ठरवावी, एवढ्यावर काम भागते. गोळा पोहोचण्यास किती वेळ लागेल हेही तो सांगतो.

ही सुविधा आधुनिक तोफखान्याशी विसंगत नाही. आज प्रत्यक्षातही हिशोब यंत्रेच करतात. आक्षेप आहे तो वेगळाच. यंत्राने हिशोब केला तरी प्रत्यक्षात निरीक्षक, मंजुरी देणारा अधिकारी आणि तोफेवरची तुकडी ही माणसांची साखळी कायम असते. खेळात ही सारी साखळी एका बोटात सामावते. म्हणूनच या खेळाच्या जाणत्या खेळाडूंनी स्वतः तयार केलेल्या पुरवण्यांत हा संगणक बंद करून हाताने पल्लातक्ते वापरण्याची सोय आणली. खेळकर्त्यांनी कमी केलेले कष्ट खेळाडूंनी आपणहून परत मागून घ्यावेत, ही घटना अर्थपूर्ण आहे. सोपेपणात काहीतरी हरवले होते, हे त्यांना जाणवले होते.

४.४ आंधळा हिशोब : 'हेल लेट लूज'

दुसऱ्या महायुद्धावरील हा खेळ २०२१ मध्ये पूर्णरूपात आला. यात प्रत्येक पक्षाच्या मुख्यालयाजवळ तोफा रोवलेल्या असतात. खेळाडू नकाशावर अंतर मोजतो, तक्त्यावरून ते मिलमध्ये बदलतो, चाक फिरवून नळी वरखाली करतो. दुसरा खेळाडू गोळे भरू शकतो. गोळा कोठे पडला हे तोफेवरून दिसत नाही. पुढच्या सहकाऱ्याने ध्वनिसंदेशावर सांगितले तरच ते कळते.

येथे प्रथमच गोलंदाज खऱ्या अर्थाने आंधळा होतो आणि त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. खेळाचे एकक खेळाडू न राहता संवाद हे होते. पल्ला मात्र खेळाच्या मापाने आखूड केला आहे. १०० ते १६०० मीटर एवढीच मर्यादा आहे. त्या काळातील १०५ मिलीमीटर अमेरिकी हॉवित्झरचा पल्ला ११ किलोमीटरच्या आसपास होता. ही काटछाट अपरिहार्य मानली तरी तोफा शत्रूच्या पोहोचेइतक्या जवळ आल्याने त्यांच्यावर हल्ला करणे शक्य होते, आणि न्याय्यतेचा प्रश्न काही अंशी सुटतो. वास्तव सोडून न्याय साधला आहे, पण ते करताना गाभा हरवलेला नाही.

४.५ गोळा कोणी बनवला? : 'फॉक्सहोल'

कॅनडातील सीज कॅम्प या संस्थेचा हा खेळ २०२२ मध्ये पूर्णरूपात आला. यातील एक युद्ध कित्येक दिवस, आठवडे चालते. तोफ डागण्यासाठी निरीक्षक दुर्बिणीतून अंतर व दिशा वाचतो, तोफेवरील खेळाडू त्यानुसार नेम लावतो, वाऱ्यामुळे गोळा ढळतो, मग दुरुस्ती केली जाते. इतपत 'हेल लेट लूज'शी साम्य आहे. वेगळेपण असे की या खेळात गोळा आपोआप येत नाही. कोणीतरी कच्चा माल खणतो, कोणीतरी तो शुद्ध करतो, कोणीतरी कारखान्यात गोळे बनवतो आणि कोणीतरी मालमोटारीत भरून रात्रीच्या वेळी आघाडीपर्यंत नेतो. हे सर्व खेळाडूच असतात. तोफ काही मिनिटांत जेवढे गोळे खाते, तेवढे बनवण्यात आणि पोहोचवण्यात अनेकांचे तास गेलेले असतात.

जानेवारी २०२२ मध्ये या पुरवठा करणाऱ्या खेळाडूंनी संघटना स्थापून चक्क संप पुकारला. कामातील निरर्थक कष्ट कमी करावेत, ही त्यांची मागणी होती. खेळातील संप म्हणून या घटनेकडे गमतीने पाहिले गेले. परंतु समीक्षेच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. तोफेचा आवाज जेथे होतो तेथे तोफखाना संपत नाही, त्याची मुळे कारखान्यात आणि रस्त्यावर असतात, हे या रचनेने खेळाडूंना इतके खोलवर पटवले की ते कामगारांसारखे वागू लागले. अन्य कोणत्याही युद्धखेळाने हे साधलेले नाही.

५. भंडाऱ्यातून पाहताना

'गोळा कोणी बनवला?' हा प्रश्न अन्यत्र तात्त्विक वाटेल. भंडारा जिल्ह्यात तो तसा नाही. जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत १९६० च्या दशकापासून प्रणोदक दारू आणि स्फोटके तयार होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. नागपूरच्या अंबाझरी येथे गोळ्यांची पोलादी कवचे घडतात, भद्रावतीजवळच्या चांदा निर्माणीत दारूगोळ्याची भरणी होते, वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. आणि हा दारूगोळा वापरण्याचे शिक्षण नाशिकजवळच्या देवळालीतील तोफखाना विद्यालयात दिले जाते. तोफखान्याची जवळजवळ सारी साखळी महाराष्ट्रात, आणि तिचा बराच भाग विदर्भात आहे.

२४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला. छत कोसळले आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या भांडारात लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी यांचे बळी गेले होते. कोणत्याही सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर, शांततेच्या काळात हे मृत्यू झाले. युद्धखेळातील तोफेच्या एका टिचकीमागे ही माणसे कोठेच नाहीत. 'पब्जी'त गोळा आभाळातून येतो, 'वर्ल्ड ऑफ टँक्स'मध्ये तो आधीच भरलेला असतो, 'अर्मा ३'मध्ये तो एक आकडा असतो. केवळ 'फॉक्सहोल'मध्ये तो कोणाच्या तरी श्रमाने येतो. पण तेथेही कारखाना कधी फुटत नाही, आणि गोळे बनवणारा कामावरून घरी परतला की नाही, हा प्रश्न खेळात उद्भवत नाही.

कारगिलच्या अनुभवानेही काही गोष्टी शिकवल्या आहेत. १९९९ च्या त्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे व अग्निबाण डागले. द्रास-कारगिलच्या उंचीवर बसलेल्या शत्रूच्या निरीक्षकांना श्रीनगर-लेह महामार्ग दिसत होता, म्हणून त्यावर गोळे पडत होते. ९ मे १९९९ रोजी कारगिलमधील दारूगोळा साठाही माऱ्यात नष्ट झाला. शिखरे परत मिळवणे म्हणजे शत्रूचे डोळे काढून घेणे होते. आपल्या पायदळाबरोबर तोफखान्याचे निरीक्षण अधिकारी कड्यांवर चढत होते. तोलोलिंग आणि टायगर हिलच्या लढायांत बोफोर्स तोफा थेट नेमानेही वापरल्या गेल्या, हे विशेष. जेथे दिसत होते तेथे प्रत्यक्ष, जेथे दिसत नव्हते तेथे अप्रत्यक्ष, असा दुहेरी मारा झाला. खेळांतून ही लवचिकता क्वचित दिसते. आणि त्याच वेळी कारगिल-द्रासमधील सामान्य कुटुंबे तळघरांत दिवस काढत होती. हा पाचवा निकष, माऱ्याखालच्या भूमीचा. या निकषावर वरील बहुतेक खेळ अनुत्तीर्ण ठरतात. त्यांच्या रणभूमीवर घरे आहेत, पण घरात राहणारे कोणी नाही. गोठ्यात जनावर नाही, चुलीत विस्तव नाही. रिकाम्या गावावर गोळे टाकण्यात कोणताच नैतिक प्रश्न उद्भवत नाही, म्हणूनच ते गाव रिकामे ठेवलेले असते.

६. संभाव्य आक्षेप

यावर असा आक्षेप घेतला जाईल की खेळ हा खेळ आहे, त्याच्याकडून युद्धशास्त्राच्या वा नीतिशास्त्राच्या पाठाची अपेक्षा करणे गैर आहे. बुद्धिबळातील हत्ती खऱ्या हत्तीसारखा चालत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु बुद्धिबळ वास्तवाचा दावा करत नाही. येथे विचारात घेतलेल्या खेळांपैकी बहुतेकांची जाहिरात, चित्रे आणि ध्वनी हा दावा पुनःपुन्हा करतात. जो बंदुकीच्या प्रत्येक खिट्टीचा आवाज अचूक देतो, त्याला तोफेमागच्या माणसांविषयी विचारण्याचा अधिकार समीक्षकाला आहे.

दुसरा आक्षेप असा की निरीक्षक, विलंब, विखुरणे आणि पुरवठा हे सारे आणले तर खेळ कंटाळवाणा होईल. अनुभव याच्या उलट आहे. 'अर्मा ३'च्या खेळाडूंनी पल्लातक्ते मागून घेतले, 'फॉक्सहोल'मध्ये लोक तासन्‌तास मालमोटारी हाकतात. कष्ट कंटाळवाणे नसतात, निरर्थक कष्ट कंटाळवाणे असतात. संपकऱ्यांचे म्हणणेही तेच होते. नागरिकांना खेळात आणण्याविषयीचा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. त्यांना आणले तर काही खेळाडू त्यांनाच लक्ष्य करतील, ही भीती खोटी नाही. म्हणून माणसे न दाखवता त्यांच्या अस्तित्वाची खूण ठेवण्याचा मार्ग शोधावा लागेल. उदाहरणार्थ, वस्तीवर मारा करण्यास निरीक्षकाने नकार देण्याची मुभा, किंवा 'मारा थांबवा' हा आदेश कोणालाही देता येण्याची सोय. प्रत्यक्ष तोफखान्यात हा आदेश सर्वांत वरचा असतो. खेळांत तो जवळजवळ आढळतच नाही.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) युद्धखेळात अप्रत्यक्ष तोफमारा आणणे म्हणजे शस्त्रांच्या यादीत एकाची भर घालणे नव्हे. 'जे दिसते त्यावर नेम' हे खेळाचे मूळ व्याकरणच त्यामुळे बदलावे लागते.

(२) न्याय्यतेचा पेच सोडवताना ज्या खेळांनी माणूस वगळला ('पब्जी'), त्याला सर्वदर्शी केले ('वर्ल्ड ऑफ टँक्स') किंवा एकाच बोटात साखळी गुंडाळली ('अर्मा ३' चे मूळ रूप), त्यांनी पेच सोडवला नाही, टाळला.

(३) ज्या खेळांनी गोलंदाजाला आंधळे ठेवून दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून केले, ते वास्तवाला आणि खेळाच्या आनंदाला एकाच वेळी अधिक न्याय देतात. या दृष्टीने 'हेल लेट लूज' उल्लेखनीय आणि 'फॉक्सहोल' श्रेष्ठ ठरतो.

(४) दारूगोळ्यामागील श्रमाची जाणीव एका खेळाने करून दिली आहे. त्या श्रमातील धोक्याची जाणीव या खेळांपैकी कोणीही करून दिलेली नाही, आणि माऱ्याखालच्या वस्तीची जाणीव बहुतेकांनी करून दिलेली नाही.

आपल्याकडील तरुण आता केवळ खेळणारे राहिलेले नाहीत. पुण्यातील सुपरगेमिंग या संस्थेने २०२४ मध्ये 'इंडस' हा युद्धखेळ आणला, तर बंगळुरूच्या एनकोअर गेम्सने २०२१ मध्ये 'फौजी' हा खेळ गलवानच्या पार्श्वभूमीवर आणला होता. उद्या विदर्भातील एखादा विद्यार्थी असा खेळ रचू लागला आणि त्यात तोफ आणण्याचा प्रश्न त्याच्यासमोर आला, तर परदेशी खेळांचे अनुकरण करण्याची त्याला गरज नाही. निरीक्षक कसा असतो हे त्याला कारगिलच्या इतिहासातून कळेल, माऱ्याखालचे गाव कसे असते हे रायगडाच्या इतिहासातून. आणि गोळा कोठून येतो, हे जाणून घेण्यासाठी त्याला जवाहरनगरपर्यंतच जावे लागेल. कामाची पाळी सुटण्याच्या वेळी निर्माणीच्या फाटकाबाहेर थोडा वेळ उभे राहिल्यास पुस्तकातून न मिळणारे बरेच काही त्याला तेथे समजू शकेल.